वरच्या वर्गाची यादी

विमानातील आपली जागा तिकिटाने ठरते, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. मुलाबाळांना भेटावयास परदेशी निघालेली आपली माणसे तिकीट काढतात, खिडकीजवळची जागा मिळाली तर समाधान मानतात आणि गुडघे आवळून बसतात. पुढच्या पडद्यापलीकडे रुंद खुर्च्या आहेत हे त्यांना ठाऊक असते. परंतु तो पडदा पैशाचा आहे असे मानून त्यांनी तो विषय मनातून काढून टाकलेला असतो. अमेरिकेतील देशांतर्गत प्रवासात मात्र हा पडदा निव्वळ पैशाचा राहिलेला नाही. साध्या वर्गाचे तिकीट हाती असूनही पुढच्या वर्गात बसण्याचा हक्क सांगणारा एक मोठा समुदाय तेथे तयार झाला आहे. या समुदायात पायऱ्या आहेत, पायऱ्यांना धातूंची आणि रत्नांची नावे आहेत, आणि आज कोण कोणाच्या वर हे सांगणारी यादी विमान सुटण्यापूर्वी सर्वांसमक्ष पडद्यावर झळकते.

ही यादी आम्ही प्रथम शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पाहिली. गेटपाशी टांगलेल्या पडद्यावर आडनावाची पहिली तीन अक्षरे आणि नावाचे आद्याक्षर, एवढीच एकेकाची ओळख. आमच्या मनात पहिला विचार आला तो असा, की वसईचे एखादे अख्खे धर्मग्राम या विमानाने निघाले, तर डिसोजा, डिमेलो, लोपीस आणि परेरा यांच्या दाटीत कोणाची वर्णी लागली हे कोणालाच कळणार नाही! त्या दिवशी पुढच्या वर्गात तीन जागा शिल्लक होत्या आणि यादीत सत्तावीस नावे होती. पूर्वी शाळेच्या फळ्यावर निकाल लागला की मुले जशी माना उंचावून उभी राहत, तशी सुटाबुटातील प्रौढ माणसे त्या पडद्याखाली उभी होती. पहिल्या तीन नावांपुढे खूण उमटली. चौथ्या क्रमांकाचा गृहस्थ बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि मग पुढच्या तिघांना शोधावे तशी त्याची नजर गर्दीवरून फिरली. ती नजर आमच्या लक्षात राहिली आहे.

या साऱ्याचा उगम १९७८ च्या एका कायद्यात आहे. तोवर अमेरिकेतील राज्याराज्यांमधली विमानभाडी व मार्ग सरकारी मंडळ ठरवीत असे. भाड्यात चढाओढ करता येत नसल्याने कंपन्या जेवणाच्या ताटावर आणि सेवेच्या थाटावर चढाओढ करीत. १९७८ मध्ये ते नियंत्रण उठवणारा कायदा झाला, भाडी उतरू लागली, आणि कंपन्यांपुढे प्रश्न उभा राहिला: ज्याचे तिकीट त्याची कचेरी काढते, ज्याला भाड्याची फिकीर नाही, अशा नित्य फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला बांधून कसे ठेवावे? अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या आरक्षणाच्या संगणकात वारंवार येणारे दूरध्वनी क्रमांक हुडकले, त्यावरून आपली नेहमीची माणसे निवडली, त्यांना सदस्य केले आणि १ मे १९८१ रोजी 'अ‍ॅडव्हांटेज' ही योजना सुरू केली. प्रवास केलेले मैल खात्यात जमा व्हावयाचे आणि पुरेसे साठले की फुकट तिकीट मिळावयाचे. त्याच महिन्यात युनायटेड एअरलाइन्सने 'मायलेज प्लस' काढली आणि हळूहळू बाकीच्याही त्या वाटेने गेल्या.

१ मे हा आपल्याकडे कामकरी संत योसेफाचा सण. परमगुरू बारावे पायस यांनी तो १९५५ मध्ये सुरू केला. हा निव्वळ योगायोग. नासरेथहून बेथलेहेमला, तेथून इजिप्तला आणि पुन्हा माघारी, एवढी पायपीट करूनही त्या सत्पुरुषाच्या खात्यावर एक मैल जमा झाला नाही!

नेहमीच्या गिऱ्हाइकाला वाण्याने मूठभर शेंगदाणे द्यावेत, इतकी ही गोष्ट मुळात साधी होती. परंतु मूठभर शेंगदाणे सर्वांनाच मिळू लागले की त्यांत मान उरत नाही. म्हणून जास्त फिरणाऱ्यांसाठी वेगळ्या पायऱ्या आल्या: चांदी, सोने, प्लॅटिनम आणि पुढे हिरा. या पायऱ्यांवरच्या मंडळींना द्यावयाचे काय? तर पुढच्या वर्गातील रिकामी खुर्ची. विमान आकाशात गेले की न विकलेली खुर्ची संध्याकाळच्या बाजारात उरलेल्या मासळीसारखी असते. तिचे पुढे काही होत नाही. ती एखाद्या निष्ठावंताला देऊन टाकली तर कंपनीचे फारसे जात नाही आणि त्या माणसाला मात्र आपण कोणीतरी आहोत असे वाटते. अपग्रेड म्हणतात ते हेच. फुकटची वस्तू मानाच्या मोलाने देण्याची ही युक्ती ज्याला सुचली, त्याला मनुष्यस्वभावाचे ज्ञान होते यात शंका नाही.

अमेरिकन एअरलाइन्सची रीत पाहिली की या मानपानातील बारकावे ध्यानी येतात. तेथे एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनम दर्जाच्या माणसाच्या अपग्रेडचा विचार विमान सुटण्याच्या १०० तास आधीपासून होऊ लागतो, प्लॅटिनम प्रोचा ७२ तास आधी, प्लॅटिनमचा ४८ तास आणि गोल्डचा २४ तास आधी. एकाच दर्जाचे दोघे असतील तर मागील १२ महिन्यांत कोणाच्या खात्यावर अधिक गुण जमले, हे पाहिले जाते. या सर्वांच्याही वर 'कन्सिअर्ज की' नावाचा एक दर्जा आहे. तो मागून मिळत नाही, कंपनी बोलावील तेव्हाच मिळतो, आणि बोलावण्याचे निकष जाहीर केले जात नाहीत. युनायटेडमध्ये याच जातीचा 'ग्लोबल सर्व्हिसेस' आहे. आपल्या लग्नमांडवात मानाचे पान कोणाचे यावरून रुसवेफुगवे होत, तेव्हा निदान मावशी मोठी की आत्या मोठी, एवढ्यावरच वाद असे. तासांचा हिशेब कोणी केला नव्हता.

आता या शर्यतीतील खुर्च्यांचा आकडा पाहू. अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-८०० विमानात १७२ जागा असतात, त्यांपैकी पुढच्या वर्गातल्या १६. त्या सोळांतल्या पैसे मोजून विकल्या जाणाऱ्या वगळून उरतील त्या यादीच्या वाट्याला. पूर्वी त्या बऱ्याच उरत. हल्ली कंपन्या त्या आधीच थोड्या जादा पैशांत ज्याला त्याला देऊ करतात. डेल्टा एअरलाइन्समध्ये पुढच्या वर्गातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक जागा आता रोख विकल्या जातात. म्हणजे खुर्च्या घटल्या. आणि मानकरी? त्यांचा आकडा कोणी सांगत नाही. २०२० मध्ये युनायटेडने आपल्या योजनेचे १० कोटींहून अधिक सदस्य असल्याचे सांगितले, पण त्यांत चांदीचे किती, सोन्याचे किती आणि वर्षाला लाख मैलांवरून ज्याचे नाव पडले त्या 'वन-के' दर्जाचे किती, हे गुपितच राहते. प्रत्येकाला आपला क्रमांक माहीत असतो; तो कितीजणांतला, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. मग माणसे गेटवर उभी राहून मोजतात. वरच्या दर्जाची हाक होताच अर्धा कक्ष उठून उभा राहिला, की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटतो: एवढे सगळे? सगळेच मानकरी झाले तर पंगतीला वाढणार कोण, हा आपल्या गावचा प्रश्न तेथे असा उभा राहतो. आपली हाक होण्याआधीच रांगेत घुसणारे इतके वाढले, की २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने, पाळी नसताना पुढे येणाऱ्याचे तिकीट तपासताच आवाज करणारे यंत्र शंभरावर विमानतळांवर आणले.

मानकरी वाढले याची कारणे आहेत. महामारीच्या काळात, २०२० व २०२१ मध्ये, कोणी प्रवासच करू शकत नव्हते, म्हणून कंपन्यांनी सर्वांचे दर्जे आहेत तसे पुढे चालू ठेवले. परंतु त्याहून मोठे कारण बँकांचे आहे. कंपन्या आपले मैल बँकांना विकतात, बँका ते क्रेडिट कार्डावर खर्च करणाऱ्यांना वाटतात, आणि या व्यवहारात अमाप पैसा आहे. जून २०२० मध्ये, विमाने जमिनीवर उभी असताना, युनायटेडने ५ अब्ज डॉलरच्या कर्जासाठी आपली सदस्ययोजना तारण ठेवण्याचे जाहीर केले. त्या योजनेची किंमत तिने जवळजवळ २२ अब्ज डॉलर धरली होती, आणि शेअरबाजारात त्या वेळी विमानांसकट साऱ्या कंपनीची किंमत याहून पुष्कळ कमी होती. शेतकऱ्याने जमीन गहाण टाकावी, सोनाराकडे पाटल्या ठेवाव्यात, हे आपण पाहिले आहे. गिऱ्हाइकांची निष्ठा गहाण टाकल्याचे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नव्हते.

पुढची पायरी ओघाने आली. २०२२ पासून अमेरिकन एअरलाइन्समध्ये दर्जा 'लॉयल्टी पॉइंट' म्हणजे निष्ठेच्या गुणांवर ठरू लागला. गोल्डसाठी असे ४०,००० गुण लागतात, एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनमसाठी २ लाख, आणि कंपनीच्या क्रेडिट कार्डावर डॉलर खर्चला की गुण पडतो. घराबाहेर पाऊल न टाकता, भाजीपाला आणि पेट्रोल घेऊन माणूस आकाशातला निष्ठावंत ठरू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टाने तर जाहीर केले की, यापुढे मैल मोजले जाणार नाहीत, केवळ डॉलर मोजले जातील. आणि हिऱ्याच्या दर्जासाठी लागणारा खर्चाचा आकडा २०,००० वरून ३५,००० डॉलरवर नेला. तेव्हा जो गहजब झाला तो पाहून कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांना आपण फार पुढे गेलो असे सांगावे लागले आणि आकडा २८,००० वर उतरवावा लागला. मैल मात्र परत आले नाहीत.

या गहजबातला एक सूर आम्हांला विचार करावयास लावणारा वाटला. कित्येकांची तक्रार खुर्ची मिळत नाही एवढीच नव्हती. आम्ही वर्षानुवर्षे उडालो, रात्री परक्या बिछान्यात काढल्या, आणि हा कालचा माणूस कार्ड घासून आमच्या ओळीत येऊन बसला, ही खरी सल होती. संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडला की हीच सल तेथे भेटते. पहाटेपासून उन्हात राबलेल्या मजुरांना ठरलेली मजुरी पुरती मिळाली होती; त्यांचा एक पैसाही बुडाला नव्हता. ते कुरकुरले ते दिवस कलताना आलेल्यांना तेवढीच मिळाली म्हणून. आणि गंमत अशी की, त्याच अध्यायात थोडे पुढे जब्दीच्या मुलांची आई प्रभूसमोर येते आणि आपल्या दोघा मुलांसाठी उजवीकडची व डावीकडची जागा मागते. ते ऐकून बाकीचे दहा संतापले, असे सुवार्तिक सांगतो. का संतापले? त्या जागांची कोणाला पर्वा नसती, तर दहाजण हसून मोकळे झाले असते. यादीत त्यांचीही नावे होती.

आम्ही हे विमानकंपन्यांना बोल लावण्यासाठी लिहीत नाही. जागेच्या मानाचा रोग आपल्या घरातही जुना आहे. अमेरिकेतील अनेक कॅथलिक चर्चमध्ये एके काळी बाके भाड्याने दिली जात. ज्याचे भाडे अधिक त्याचे कुटुंब वेदीजवळ. गोव्यात काही गावांतून कॉन्फ्रारियेचा ओपमूस कोणाच्या खांद्यावर चढावा आणि सणाचा मान कोणत्या घराण्याचा, यावरून वर्षानुवर्षे वाद चालले. आणि रुंद खुर्चीची इच्छा हे पाप आहे असेही आम्ही म्हणणार नाही. ज्याची कंबर धरलेली आहे त्याने चौदा तास आखडून बसावे आणि पुढच्याने पाय पसरून झोपावे, यात अंतर आहेच. विमान सगळ्यांना एकाच वेळी उतरवते हे सांगून त्याचे दुखणे कमी होत नाही.

शिवाय आपल्याकडचीही माणसे या सोन्याचांदीत गुंतली होती. ५ मे १९९३ रोजी उडू लागलेल्या जेट एअरवेजची 'जेटप्रिव्हिलेज' योजना अनेकांना आठवत असेल. निळे, चांदीचे, सोनेरी आणि प्लॅटिनम अशी तिची कार्डे होती, आणि मुंबईतील कचेऱ्यांत सोनेरी कार्ड पाकिटातून अशा बेताने काढले जाई की समोरच्याला ते दिसावे. १७ एप्रिल २०१९ रोजी त्या कंपनीचे शेवटचे उड्डाण झाले. साठवलेले गुण दुसऱ्या नावाने पुढे राहिले, पण तो सोनेरी दर्जा दाखवावयास जेटचे विमान उरले नाही. किंगफिशरच्या बाबतीत हेच २०१२ मध्ये झाले होते.

आमच्या परिचयाचा एक तरुण, मूळ वसईचा, शिकागोजवळ राहतो आणि सल्लागाराचे काम करतो. तरुण म्हणावयाचे एवढेच, आता पन्नाशीकडे झुकला आहे. सोमवारी पहाटे घर सोडावयाचे आणि गुरुवारी रात्री परतावयाचे, असा त्याचा कित्येक वर्षांचा क्रम. या दर्जाचे वेड त्याला इतके का, असे आम्ही एकदा विचारले. तो रागावला नाही. म्हणाला, "काका, एवढ्या रात्री मी घराबाहेर काढल्या. त्या बदल्यात मला नावाने ओळखणारे कोणी असेल, तर ते एवढेच." आमच्याकडे याला उत्तर नव्हते. नोकरीने त्याच्याकडून घेतले त्याची पावती म्हणून तो ते कार्ड जपत होता, आणि पावती हरवू नये असे कोणाला वाटणार नाही?

पण ती पावती दर वर्षाअखेर नव्याने करावी लागे. २०१५ च्या डिसेंबरात त्याला वरच्या दर्जासाठी थोडे मैल कमी पडत होते. तेव्हा अजून मैल मोजले जात. आगमन काळातला तो शनिवार होता. घरी त्याची पत्नी, भारतातून आलेली आई आणि सात वर्षांची मुलगी नाताळच्या करंज्या करावयास बसल्या होत्या. हा पहाटे उठला, पश्चिम किनाऱ्यावर गेला, विमानतळाबाहेर न पडता दुसऱ्या विमानाने उलट फिरला आणि मध्यरात्री घरी पोहोचला. असा प्रवास करणारा तो एकटा नव्हे. वर्षाअखेरीस मैलांसाठी असे उडून येणे तेथे रूढच होते. मुलगी जागी होती. "पप्पा, तू कुठे गेला होता?" तिने विचारले. "कुठेच नाही," तो म्हणाला. ते अक्षरशः खरे होते. आईने झाकून ठेवलेल्या करंज्या पुढे केल्या आणि काही विचारले नाही. मैल पुरले आणि दर्जा राहिला.

त्या दर्जासोबत त्याला परदेशच्या लांबच्या प्रवासासाठी वापरता येतील अशी काही अपग्रेड मिळाली. ती दुसऱ्याला देण्याची मुभा असते. पुढच्या वर्षी आई पुन्हा अमेरिकेस निघाली, तेव्हा तो तिला न्यावयास आला आणि त्यांतले एक त्याने तिच्या तिकिटाला लावले. दुसऱ्या खुर्चीसाठी त्याचे नाव यादीत होते, पण ते वर सरकले नाही. आई पुढे आणि मुलगा चौतिसाव्या रांगेत, अशी पाटणी झाली. सत्तरीची ती बाई, आयुष्यभर वाडीत राबलेली, खाट होणाऱ्या खुर्चीत बसली. सेविकेने आणलेले सरबत तिने घेतले, परंतु पडद्याच्या फटीतून मागे पाहणे काही थांबवले नाही. माझ्या मुलाला जेवायला दिले काय, असे तिने मराठीतच दोनदा विचारले म्हणे.

रात्री सारे दिवे मालवल्यावर तिने रोझरी पुरी केली, आणि पुढच्या वर्गात देतात ती जाड दुलई खांद्यावर घेऊन ती पडद्याबाहेर आली. आसने धरत धरत तिने चौतिसावी रांग गाठली. तो मान वाकडी करून झोपला होता. अंगावर मागच्या वर्गातले पातळ पांघरूण होते. तिने त्याच्यावर दुलई घातली, पायांपाशी खोचली आणि आली तशी परत गेली. सेविका तेथेच उभी होती. ती काही बोलली नाही.

उतरण्याच्या तासभर आधी पुढच्या वर्गातील दुलया गोळा केल्या, तेव्हा एक कमी भरली. सेविका सरळ मागे गेली आणि चौतिसाव्या रांगेतून ती घेऊन आली.